ज्येष्ठांच्या डोळ्यांसाठी रोज एक फळ

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत फळ येते ते निमित्ताने. एकादशीचा उपास असतो, कुणी तापाने अंथरुणाला खिळलेले असते, हात हलवत जायला नको म्हणून पाहुणे सफरचंदे घेऊन येतात, नाही तर मुलांच्या डब्यासाठी केळी आणली जातात. घरातल्या सत्तरीच्या माणसासाठी म्हणून, ठरवून, रोज फळ आणले जाते अशी घरे थोडी. त्यात दोष केवळ घरच्यांचा नसतो. 'मला आता काय करायचंय, नातवंडांना द्या' असे म्हणत वडीलधारी माणसे स्वतःच आपला वाटा कमी करत जातात. वर समजुती असतातच. पेरूने खोकला होतो, संत्र्याने सर्दी, केळ्याने कफ. कुणाला दात नाहीत, कुणाला मधुमेह आहे. असे करता करता ताटात भात, भाकरी, वरण आणि चहासोबतची बिस्किटे तेवढी उरतात.

ही सवय मोडायला हवी. तिची अनेक कारणे सांगता येतील, पण एका कारणाकडे आपल्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे डोळे.

उतारवयातली दृष्टी आणि फळे यांचा संबंध तपासणारे एक मोठे संशोधन भारतातच झाले आहे. दिल्लीची एम्स, दक्षिणेतले अरविंद नेत्र रुग्णालय आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन यांच्या संशोधकांनी उत्तर व दक्षिण भारतातल्या साठी ओलांडलेल्या ५,६३८ जणांच्या डोळ्यांची, रक्ताची आणि आहाराची तपासणी केली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिला निष्कर्षच धक्का देणारा होता. उत्तरेतल्या सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेतल्या सुमारे ४६ टक्के ज्येष्ठांच्या रक्तात क जीवनसत्त्वाची सरळसरळ कमतरता होती. पुरेशी पातळी उत्तरेत दहापैकी जेमतेम एकाकडे होती आणि दक्षिणेत चारांपैकी एकाकडे. पुरुष, अधिक वयाचे, अंगाने खंगलेले, तंबाखूची सवय असलेले आणि लाकूडफाटा किंवा शेणी जाळून स्वयंपाक करणाऱ्या घरांतले लोक यांच्यात ही कमतरता जास्त आढळली. धूर आणि तंबाखू शरीरातले क जीवनसत्त्व खर्ची पाडतात आणि आहारातून त्याची भरपाई होत नाही, असे हे दुहेरी नुकसान आहे.

दुसरा निष्कर्ष डोळ्यांबद्दलचा होता. तपासलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना मोतीबिंदू होता. रक्तातल्या क जीवनसत्त्वानुसार या लोकांचे तीन गट केले, तेव्हा सर्वांत वरच्या गटात मोतीबिंदू असण्याची शक्यता खालच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी दिसली. संख्याशास्त्राच्या भाषेत शक्यतांचे हे गुणोत्तर ०.६१ होते. वय, तंबाखू, गरिबी, उन्हातले काम अशा गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक टिकला. विशेष म्हणजे वरच्या गटातले लोकही काही फार चांगला आहार घेणारे नव्हते. श्रीमंत देशांतल्या मोजमापाने त्यांचीही पातळी साधारणच ठरली असती.

क जीवनसत्त्वाचा डोळ्यांशी काय संबंध, हे समजण्यासाठी भिंगाची रचना पाहावी लागते. डोळ्यातले नैसर्गिक भिंग प्रामुख्याने पाणी आणि क्रिस्टलिन नावाची प्रथिने यांचे बनलेले असते. या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या मध्यभागी असलेल्या पेशी आईच्या पोटात तयार होतात आणि जन्मभर त्याच राहतात. त्या बदलून नव्या येत नाहीत. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, धूर, वाढलेली साखर यांमुळे ही प्रथिने वर्षानुवर्षे ऑक्सिडीकरणाचा मारा सहन करतात. अंड्यातला पारदर्शक बलक तापवल्यावर पांढरा होतो, तशी हळूहळू त्यांची घडी बिघडते, ती एकमेकांना चिकटतात आणि भिंग धुरकट होते. हाच मोतीबिंदू. या माऱ्याला तोंड देण्याची सोय शरीराने केलेली आहे. भिंगाभोवतीच्या द्रवात क जीवनसत्त्वाची पातळी रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट असते. पण हा साठा आहारातूनच भरावा लागतो. माणसाचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने जुळ्या बहिणींवर केलेले संशोधन या बाबतीत महत्त्वाचे आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुळ्यांच्या हजाराहून अधिक जोड्या होत्या आणि त्यांतल्या ३२४ जोड्यांची तपासणी सुमारे दहा वर्षांनी पुन्हा करण्यात आली. ज्यांच्या जेवणात क जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्यात मोतीबिंदू वाढत जाण्याची जोखीम ३३ टक्क्यांनी कमी आढळली. जुळ्यांचा अभ्यास असल्यामुळे आनुवंशिकतेचा वाटाही मोजता आला. मोतीबिंदू वाढण्यात तो सुमारे ३५ टक्के निघाला. उरलेला ६५ टक्के भाग आहारासह राहणीमानाचा होता. आणखी एक गोष्ट या संशोधकांनी नोंदवली. हा फायदा जेवणातून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाशी जोडलेला दिसला, गोळ्यांशी तसा दिसला नाही.

यावर कुणी म्हणेल, मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन आहेच की. खरे आहे, आणि ते उत्तम ऑपरेशन आहे. महाराष्ट्रातल्या नेत्रशिबिरांनी आणि सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी लाखो लोकांना दृष्टी परत दिली आहे. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांचे काम घराघरांत माहीत आहे. तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेच आलेले आढळले. म्हणजे इलाज उपलब्ध असूनही माणसे आंधळी राहत आहेत. कुणाला सोबत न्यायला माणूस नाही, कुणाला भीती वाटते, कुणाला 'अजून पिकू द्या' असे कुणीतरी सांगून ठेवले आहे. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याची आज गरज नाही. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की तपासणी करून निर्णय घेता येतो. पण ज्या समाजात ऑपरेशनपर्यंत पोहोचणेच अवघड आहे, तिथे मोतीबिंदू पाच-सात वर्षे उशिरा आला तरी ते मोठेच काम आहे. शेतावर जाणाऱ्या, स्वतः चूल पेटवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसाची ती सगळी वर्षे धडधाकट जातात.

मोतीबिंदूनंतर येतो तो डोळ्याच्या पडद्याचा प्रश्न, आणि तो अधिक कठीण आहे, कारण तिथे गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा पिवळसर भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, नोटेवरचा आकडा पाहणे ही सगळी बारीक नजरेची कामे याच भागावर चालतात. वयाबरोबर या भागाची झीज होते. सुरुवातीला काही कळत नाही. पुढे दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा भिंतीवरच्या फरश्यांच्या रेषा वाकड्या, लाटेसारख्या दिसू लागतात. या आजाराच्या एका तीव्र प्रकारात पडद्याखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून रक्त आणि द्रव पाझरतो आणि मधली नजर झपाट्याने जाते. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत, पण ती वेळेत आणि वारंवार घ्यावी लागतात आणि खर्चिकही आहेत.

या आजाराबाबत फळांकडे जगाचे लक्ष वेधले ते २००४ मधल्या एका शोधनिबंधाने. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या ७७,५६२ स्त्रिया आणि ४०,८६६ पुरुष यांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी अनेक वर्षे ठेवल्या होत्या; स्त्रियांच्या १८ वर्षांपर्यंत आणि पुरुषांच्या १२ वर्षांपर्यंत. हे सगळे लोक परिचारिका किंवा आरोग्य व्यवसायातले होते, त्यामुळे नोंदी बऱ्यापैकी भरवशाच्या होत्या. दिवसाला तीन किंवा अधिक वेळा फळ खाणाऱ्यांमध्ये मॅक्युलाच्या त्या तीव्र, रक्तवाहिन्या फुटणाऱ्या प्रकाराची जोखीम दीडपेक्षा कमी वेळा फळ खाणाऱ्यांच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी होती. आश्चर्य म्हणजे भाज्या, जीवनसत्त्वे किंवा कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये यांची स्वतंत्र बेरीज करून पाहिली, तेव्हा इतका ठळक संबंध दिसला नाही. फळाचाच दिसला.

ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. तिथे पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या दोन हजारांहून अधिक लोकांचा पंधरा वर्षे पाठपुरावा झाला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दिवसाला किमान एक संत्रे खाणाऱ्यांमध्ये मॅक्युलाचा पुढच्या टप्प्यातला आजार होण्याची जोखीम, संत्रे मुळीच न खाणाऱ्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांहून अधिक कमी आढळली. संशोधकांच्या मते याचे श्रेय संत्र्यातल्या फ्लॅवोनॉइड नावाच्या द्रव्यांकडे जात असावे. हीच द्रव्ये चहा आणि सफरचंदातही असतात, पण त्यांच्याबाबत असा संबंध आढळला नाही. नागपूरच्या संत्र्यांचा हंगाम आला की गाड्यांवर ढीग लागतात त्या राज्यात ही माहिती ज्येष्ठांपर्यंत पोहोचायला हवी होती. ती पोहोचलेली नाही.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. फळे जास्त खाणारी माणसे सहसा कमी धूम्रपान करतात, जास्त चालतात, डॉक्टरकडे वेळेत जातात. संशोधक या गोष्टींचा हिशेब लावतात, पण तो पूर्ण लागल्याची खात्री देता येत नाही. म्हणून 'संत्रे खा आणि आंधळेपणा टाळा' असा दावा करणे चुकीचे आणि धोक्याचेही आहे. आलेला मोतीबिंदू फळाने मागे जात नाही, काचबिंदूचे थेंब बंद करता येत नाहीत, पडद्याचा आजार बरा होत नाही. इतके मात्र ठामपणे म्हणता येते, की वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी झालेल्या अभ्यासांचा कल एकाच बाजूला आहे. आणि जो उपाय सुचवला जातो आहे, त्याने बहुतेकांचे काहीही बिघडत नाही. हृदय, रक्तदाब आणि पोट यांना त्याचा फायदाच होतो.

गोळ्यांबाबत असे म्हणता येत नाही. 'डोळ्यांची ताकद वाढवणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिराती आता मोबाईलवर सतत दिसतात आणि पेन्शनीतून पैसे काढून त्या घेणारे ज्येष्ठ कमी नाहीत. त्यामागची खरी गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने २००१ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. ज्यांना मॅक्युलाचा आजार मधल्या टप्प्यावर आधीच झालेला होता, त्यांच्यात क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठराविक मात्रेमुळे आजार पुढच्या टप्प्यावर जाण्याची जोखीम सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. हा फायदा खरा आहे, पण तो त्या रुग्णांपुरता आहे. निरोगी डोळ्यांच्या माणसाला आजार होऊ नये म्हणून त्याच गोळ्या उपयोगी पडतात असे सिद्ध झालेले नाही, आणि मोतीबिंदूवर त्यांचा परिणाम दिसलेला नाही.

उलट काही गोळ्यांनी नुकसान झाल्याचे दाखले आहेत. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. ते वर्ष १९९४. म्हणूनच २०१३ मध्ये आलेल्या सुधारित अमेरिकन चाचणीनंतर डोळ्यांच्या त्या मिश्रणातून बीटा कॅरोटीन काढून त्याऐवजी ल्युटीन आणि झिॲझॅन्थिन घालण्याची शिफारस झाली. स्वीडनमधल्या सुमारे २४ हजार स्त्रियांच्या अभ्यासात क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे प्रमाण कमी झाले नाही, ते सुमारे एक चतुर्थांशाने जास्तच निघाले. जे जीवनसत्त्व फळातून गेल्यावर चांगले दिसते, तेच प्रचंड मात्रेत गोळीतून गेल्यावर तसे वागत नाही. फळात एकच द्रव्य नसते. त्यात तंतू असतात, पाणी असते, शेकडो वनस्पतिजन्य द्रव्ये असतात आणि ती सगळी बेताच्या प्रमाणात एकत्र येतात.

मग कोणते फळ? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांतल्या आकड्यांनुसार १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून जास्त असते. आवळ्यात ते आणखी अधिक, अडीचशेच्या आसपास. संत्रे आणि पिकलेली पपई चाळीसच्या घरात. आणि आजाऱ्याला भेटायला जाताना मोठ्या मानाने नेले जाते त्या सफरचंदात चार मिलिग्रॅमही नाही. सफरचंदाचे इतर गुण आहेत; पण क जीवनसत्त्वासाठी ज्येष्ठांच्या नावाने दूरवरून आलेले महागडे फळ घेण्याची काही गरज नाही. प्रौढ पुरुषाची क जीवनसत्त्वाची दैनंदिन शिफारस ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. एका लहान पेरूत ती पूर्ण होते.

पेरू तर या मातीतलाच आहे. देशभर लावली जाणारी 'सरदार' ही जात, जिला 'लखनौ-४९' म्हणूनही ओळखतात, पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडून काढलेली आहे. राहात्याच्या पेरूंनी भरलेल्या पाट्या एसटी स्थानकांवर दिसतात. त्याच पेरूला 'खोकला होईल' म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांपासून दूर ठेवले जाते. खोकला, सर्दी विषाणूंमुळे आणि जंतूंमुळे होते, पेरूने नाही. कुणाला एखादे फळ खरोखरच सोसत नसेल तर ते टाळावे, पण त्यापायी साऱ्या फळांना बंदी नको.

दातांची अडचण मात्र खरी आहे. कवळीत बिया अडकतात, हिरड्या दुखतात. त्यावर मराठी स्वयंपाकघरात उत्तरे आहेत. मऊ पिकलेल्या पेरूतला बियांचा गर काढून त्याची दह्यातली कोशिंबीर करता येते. पपई चमच्याने खाता येते. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून वाटीत दिल्या तर बहुतेक ज्येष्ठ आवडीने खातात. कार्तिकात आवळीभोजनाची प्रथा अजून अनेक गावांत आहे. त्या दिवसांत ताजा आवळा किसून, मीठ लावून जेवणात रोज चमचाभर घेता येतो. मोरावळ्यात साखर भरपूर असते, त्यामुळे तो औषधासारखा वाटीवाटीने खाऊ नये. लिंबू हे सगळ्यांत सोपे. वरणभातावर, पोह्यांवर, कोशिंबिरीवर ते ताटात वाढल्यावर पिळावे, कढईत नव्हे. उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. उन्हाळ्यात आंबा, कलिंगड, खरबूज, पावसाच्या तोंडाशी जांभळे आणि करवंदे, हिवाळ्यात पेरू, बोरे, संत्री असे वर्षाचे चक्र लावले तर कंटाळाही येत नाही.

पालेभाज्यांना मात्र फळे पर्याय नाहीत. मॅक्युलातला पिवळा रंग ज्या ल्युटीन आणि झिॲझॅन्थिनमुळे येतो, ती द्रव्ये पालक, मेथी, शेवग्याचा पाला आणि अंड्यातला पिवळा बलक यांतून अधिक मिळतात. १९९४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात अशी द्रव्ये आहारातून सर्वाधिक घेणाऱ्यांत मॅक्युलाच्या तीव्र आजाराची जोखीम ४३ टक्के कमी दिसली होती. ताटात भाजी आणि फळ दोन्ही हवीत.

सगळ्यात मोठा गोंधळ आहे तो मधुमेहाबाबत. साखरेचे निदान झाले की घरात पहिली कात्री फळांना लागते. बिस्किटे, खारी, साबुदाणा, पांढरा भात हे सगळे सुरू राहते आणि पेरू बंद होतो. हा उलटा न्याय आहे. जपानमध्ये ४० ते ७० वयाच्या, टाइप २ मधुमेह असलेल्या ९७८ रुग्णांचा आठ वर्षे पाठपुरावा झाला. त्यांच्या डोळ्यांत सुरुवातीला रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा, नव्हती. दिवसाला सरासरी २५० ग्रॅमच्या आसपास फळ खाणाऱ्या गटात ती होण्याची जोखीम, जेमतेम २३ ग्रॅम खाणाऱ्या गटाच्या तुलनेत निम्म्याहून किंचित कमी होती. चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ताजी फळे रोज खाणाऱ्यांत मधुमेह होण्याची जोखीम कमी होती. ज्यांना मधुमेह आधीच होता, त्यांच्यातही आठवड्यातून तीनपेक्षा अधिक दिवस फळ खाणाऱ्यांत डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांच्या गुंतागुंती कमी आढळल्या.

याचा अर्थ मधुमेही व्यक्तीने पाटीभर आंबे खावेत असा नाही. एका वेळी एक लहान पेरू, एक संत्रे किंवा वाटीभर पपई पुरते. जेवणानंतर लगेच भातावर फळ चढवण्यापेक्षा मधल्या वेळेला, बिस्किटाच्या जागी खाल्ले तर साखर एकदम चढत नाही. रस काढू नये. हार्वर्डच्याच संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की द्राक्षे, सफरचंद, ब्लूबेरी यांसारखी अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाची जोखीम कमी असते, तर फळांचा रस पिणाऱ्यांत ती वाढते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी केळी, संत्री, शहाळ्याचे पाणी यांतल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे. आणि मधुमेह असेल तर फळे खात असो वा नसो, डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. रेटिनोपथी दुखत नाही, लाल होत नाही. धूसर दिसू लागेपर्यंत नुकसान झालेले असते.

हा प्रश्न केवळ घरातल्या सवयीचा असता तर चार गोष्टी सांगून थांबता आले असते. तसे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला १०० ग्रॅम फळाची शिफारस आहे. श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांत औषधे, तेल, मीठ, मोबाईलचे रिचार्ज भागवणाऱ्या निराधार आजीच्या हिशेबात ते बसत नाही. रेशनवर धान्य मिळते, फळ मिळत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात ठरला. फळाला त्यात जागा नव्हती. मुलांसाठी अंगणवाडी आहे, शाळेचे भोजन आहे. साठीपुढच्या, राज्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या पोषणासाठी अशी कोणतीही रचना नाही.

आणि हे कोणत्या राज्यात घडते आहे? १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडून लाखो हेक्टर माळरान फळांखाली आणणाऱ्या राज्यात. नाशिकची द्राक्षे, जळगावची केळी, जालन्याची मोसंबी, सोलापूरची डाळिंबे, घोलवडचे चिकू, सासवडचे अंजीर, बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन किंवा देशभर नाव मिळालेल्या राज्यात. विदर्भात तर उलटा प्रश्न आहे. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवत नेले तसे वरुड, मोर्शीच्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. बाजारात ज्याला मागणी नाही ते लहान आकाराचे संत्रे रस्त्याकडेला फेकण्याची वेळ त्यांच्यावर आली. आकाराने लहान संत्रे पोषणाने कमी नसते.

शासनाला इथे दोन टोके जोडता येतात. हंगामात लहान आकाराची संत्री, मोसंबी आणि पेरू किमान भावाने खरेदी करून वृद्धाश्रमांना, सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागांना आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांना द्यावीत. अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत, आंबिया बहाराच्या महिन्यांत, हा प्रयोग एका वर्षासाठी करून पाहण्यास फार मोठा खर्च येणार नाही. प्रत्येक नेत्रशिबिरात थेंब आणि काळा चष्मा दिला जातो, तिथेच कोणते स्थानिक फळ किती खावे, तंबाखू आणि मिश्री का सोडावी, दुपारच्या उन्हात टोपी किंवा पदर का घ्यावा, हे मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा. उज्ज्वला योजनेतून मिळालेला सिलिंडर कोपऱ्यात ठेवून पुन्हा चुलीकडे वळलेल्या घरांना तो भरण्यासाठी मदत हवी, कारण चुलीचा धूर ज्येष्ठ स्त्रियांच्या डोळ्यांवर दुहेरी हल्ला करतो.

घरी करण्यासारखी गोष्ट त्याहून सोपी आहे. आठवड्याच्या बाजारात भाजीबरोबर घरातल्या प्रत्येक ज्येष्ठासाठी सात फळे मोजून घ्यावीत, त्या हंगामातली, त्या गावातली, परवडतील ती. ती नातवंडांच्या वाट्यातून नव्हे, वेगळी घ्यावीत. आणि 'मला नको' म्हणाल्या तरी आजीच्या समोर सोलून, फोडी करून, बिया काढून ठेवावीत.